अंधाराचं वजन करणारा माणूस

चैत्र-वैशाखात रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास गच्चीवर जाऊन सरळ डोक्यावर पाहावं. सिंहाच्या शेपटीचा तारा म्हणजे उत्तरा फाल्गुनी आणि पूर्वेकडची नारिंगी, ठसठशीत स्वाती. या दोघींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात, किंचित उत्तरेला, फिकट ताऱ्यांचा एक विस्कटलेला झुबका दिसतो. अर्थात शहराच्या दिव्यांपासून दूर असाल तरच. पाश्चात्त्यांनी त्याला बेरेनिस राणीचे केस म्हटलं. आपल्याकडच्या काही पुस्तकांत त्याचं नाव अरुंधती केश असं आढळतं. हे तारे तसे आपल्या शेजारपाजारचे. पण त्याच दिशेला, त्यांच्या कितीतरी पलीकडे, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक घोळका आहे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची एकेक महानगरी. अशा हजार नगरींचा हा मेळा कोमा समूह या नावानं ओळखला जातो. १९३३ साली एका पस्तीस वर्षांच्या स्विस माणसानं आकडेमोड करून या मेळ्याचं वजन काढलं आणि ते इतकं भलतंच भरलं की पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्याकडे फारसं कुणी गांभीर्यानं पाहिलं नाही.

त्या माणसाचं नाव फ्रिट्झ झ्विकी. त्याच्यावर लिहिणारे बहुधा दोन वाटांनी जातात. एक वाट त्याच्या विक्षिप्तपणाच्या किश्शांची, आणि ते किस्से आहेतही भरपूर. दुसरी वाट उपेक्षित द्रष्ट्याची. मला स्वतःला दोन्ही वाटा अर्ध्यावर संपणाऱ्या वाटतात. झ्विकीनं आयुष्यात दोन निरनिराळी गाठोडी बांधून ठेवली. एकात कोमासारखे गजबजलेले समूह होते, दुसऱ्यात एकट्यादुकट्या, निळ्या, चिमुकल्या दीर्घिका. विश्वात तारे कुठे जन्मतात आणि कुठे जन्मायचे थांबतात, या प्रश्नाचं उत्तर शोधताना आज ही दोन्ही गाठोडी शेजारी ठेवून सोडावी लागतात. तशी ती त्यानं कधी सोडली नाहीत.

त्याचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ चा, काळ्या समुद्राच्या काठी बल्गेरियातल्या व्हार्ना या बंदरात. वडील फ्रिडोलिन मूळचे स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतातले, व्यापारानिमित्त तिथे स्थायिक झालेले. आई चेक. सहाव्या वर्षी मुलाला ग्लारुसला आजी-आजोबांकडे धाडलं, ते पुढे व्यापारउदीम शिकावा म्हणून. (शिक्षणासाठी घर सोडून नातेवाइकांकडे राहिलेली एक अख्खी पिढी आपल्याकडेही होऊन गेली; त्या घरांतल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) मुलगा काही व्यापारात रमला नाही. गणित आणि भौतिकीच्या ओढीनं तो झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला, १९२२ साली स्फटिकांवरच्या संशोधनासाठी डॉक्टरेट मिळवली आणि १९२५ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्नियातल्या पासाडीनाला, कॅलटेक या संस्थेत आला. तिथेच त्याची हयात गेली. नागरिकत्व मात्र त्यानं अखेरपर्यंत स्विसच ठेवलं.

पासाडीनाजवळच्या माउंट विल्सनवर तेव्हा जगातली सर्वांत मोठी, १०० इंची दुर्बीण होती आणि तिच्याशी एडविन हबल काम करत होता. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशातल्या रेषा वर्णपटाच्या तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसतात. दीर्घिका जितकी दूर, तितकं हे सरकणं जास्त, असं त्यानं १९२९ साली दाखवलं. विश्व प्रसरण पावतं आहे या कल्पनेला त्यातून मोठा आधार मिळाला. झ्विकीला हे पटेना. लांबच्या प्रवासात प्रकाशच थकत असावा, अशी कल्पना त्यानं त्याच वर्षी मांडली. ती चुकीची ठरली. पण या वादापायी स्फटिकांचा अभ्यासक दीर्घिकांकडे वळला, आणि चार वर्षांनी त्याच्या हाती कोमा समूह लागला.

त्याची युक्ती समजायला अवघड नाही. जोंधळ्याच्या राखणीला बसलेली माणसं गोफण फिरवताना मी लहानपणी पाहिली आहेत. दगड जितका वेगानं फिरेल तितका दोरीवर ताण जास्त. दोरी कच्ची असेल तर दगड सुटून जाणार. दगड गरगर फिरतो आहे आणि तरी सुटत नाही एवढं दिसलं, की दोरी हातात न घेताही तिची ताकद सांगता येते. कोमामधल्या दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणानं बांधलेल्या आहेत. त्यांचे वेग मोजले की बांधून ठेवणारं वस्तुमान किती, हे काढता येतं. झ्विकीनं आधी दिसणाऱ्या द्रव्याचा हिशेब केला: समूहात ८०० दीर्घिका धरल्या आणि प्रत्येकीत १०० कोटी सूर्यांइतकं द्रव्य. एवढ्या द्रव्यात दीर्घिकांचे वेग सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास असायला हवे होते. मोजलेले वेग हजार किलोमीटरच्या पुढे होते. हा मेळा केव्हाच पांगायला हवा होता. पांगलेला तर नाही. म्हणजे दिसतं त्याच्या निदान ४०० पट द्रव्य तिथे असलं पाहिजे आणि ते प्रकाशत नाही. एका स्विस नियतकालिकात जर्मनमध्ये लिहिलेल्या लेखात त्यानं त्याला काळोखं द्रव्य म्हटलं. मराठीत आता कृष्णद्रव्य हा शब्द रुळला आहे.

४०० हा आकडा आज कुणी मानत नाही. तेव्हा कोमाचं अंतर सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षं समजलं जाई, खरं अंतर त्याच्या सातपट निघालं. अंतर वाढलं की दीर्घिकांचा खरा उजेड अधिक भरतो आणि तफावत तेवढ्या प्रमाणात कमी होते. शिवाय दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत प्रचंड तापलेला वायू आहे. तो क्ष-किरणांतच उजळतो, त्यामुळे कृत्रिम उपग्रह येईपर्यंत तो नीट मोजता आला नाही. हे सगळं वजा करूनही हिशेब जुळत नाहीच. समूहातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य अदृश्यच राहतं. आकडा चुकला, तरी बोट बरोबर जागी ठेवलं होतं.

मग ऐकलं का नाही कुणी? स्वभाव नडला, हे सोपं उत्तर. झ्विकी तोंडाचा फाटका होता. सहकाऱ्यांना त्यानं दिलेली एक शिवी भूमितीवर बेतलेली होती: कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी हे लोक सारखेच हरामखोर दिसतात, म्हणून ते गोलाकार. कॅलटेकच्या भोजनगृहात एका हातावर दंड काढून तो आपली ताकद दाखवी, असं सांगतात. घुमटाच्या फटीतून बंदूक झाडायला लावून त्यानं दुर्बिणीसमोरची हवा शांत होते का ते पाहिलं, अशीही आख्यायिका आहे. वॉल्टर बाडे हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ त्याचा जिवाभावाचा सहकारी. पुढे युद्धाच्या काळात झ्विकी त्याला नाझी म्हणू लागला आणि बाडेला त्याची चक्क धास्ती वाटू लागली. अशा माणसाचा लेख वाचायला घेताना वाचणाऱ्याच्या कपाळावर आधीच आठी असणार.

पण माझ्या मते एवढ्यानं भागत नाही. स्वभावानं सौम्य असलेल्या सिंक्लेअर स्मिथनं १९३६ साली कन्या राशीतल्या समूहाचं असंच वजन केलं आणि त्यालाही अदृश्य द्रव्य सापडलं. त्याचंही कुणी मनावर घेतलं नाही. दोन वर्षांत तो वारला. खरी अडचण अशी होती की या द्रव्याचं करायचं काय, हेच कुणाला कळत नव्हतं. ते कशाचं बनलेलं, कुठे पसरलेलं, त्याचा दीर्घिकांच्या जडणघडणीशी संबंध काय, यातलं काहीच सांगता येत नव्हतं. झ्विकीलाही नाही. ज्या उत्तरामुळे आणखी प्रश्न सुटत नाहीत ते उत्तर माणसं बाजूला ठेवून देतात, आणि तसं ठेवण्यात दरवेळी लबाडीच असते असं नाही.

झ्विकी स्वतःही तिथे थांबून राहिला नाही. १९३४ साली बाडेबरोबर त्यानं सांगितलं, की अचानक लखलखणारे काही तारे नेहमीच्या नवताऱ्यांपेक्षा वेगळे, ते अतिनवतारे. तो अख्ख्या ताऱ्याचा स्फोट असतो आणि मागे उरतो तो न्यूट्रॉनांचा अतिशय घट्ट गोळा. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती! १९६० च्या दशकाच्या अखेरीस असे न्यूट्रॉन तारे खरोखर सापडले. अतिनवतारे शोधायला त्यानं पालोमार पर्वतावर १८ इंची श्मिट दुर्बीण उभारायला लावली. तिचं काम १९३६ साली सुरू झालं आणि आयुष्यभरात त्यानं १२० च्या वर अतिनवतारे टिपले. दीर्घिका मागून येणारा प्रकाश भिंगासारखा वाकवतील आणि त्यावरून त्यांचं वजन करता येईल, हे त्यानं १९३७ साली लिहिलं. असं पहिलं गुरुत्वीय भिंग १९७९ साली सापडलं.

महायुद्धात त्यानं रॉकेटच्या इंजिनांवर काम केलं, त्याबद्दल १९४९ साली अमेरिकेचं पदक मिळालं. त्याचीच दुसरी बाजू किश्शांच्या गर्दीत हरवते. युद्धात जळालेल्या ग्रंथालयांसाठी त्यानं वैज्ञानिक पुस्तकं आणि नियतकालिकं गोळा केली, स्वतः खोकी भरली आणि टनावारी माल देशोदेशी पाठवला. अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा भार वाहिला. पहिलं लग्न १९४१ साली मोडलं होतं. १९४७ साली त्यानं स्वित्झर्लंडमध्ये पुन्हा लग्न केलं, तीन मुली झाल्या. सहकाऱ्यांना शिव्या घालणारा आणि परक्या देशातल्या ग्रंथालयासाठी पुस्तकांवरची धूळ झटकणारा माणूस एकच होता, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता त्या गाठोड्यांकडे येतो. पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीनं घेतलेल्या काचेच्या तबकड्या न्याहाळून झ्विकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ ते १९६८ या काळात सहा खंडांची सूची छापली. तीत सुमारे ३० हजार दीर्घिका आणि ९ हजारांवर समूह आहेत. संगणकावाचून, भिंगाखाली डोळे फोडून केलेलं हे काम. मला तर त्याच्या साऱ्या भाकितांपेक्षा याचंच नवल जास्त वाटतं. त्याच सुमारास तो आणखी एक विचित्र संग्रह जमवत होता: तबकडीवर जवळजवळ ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण किंचित जाड ठिपक्याच्या आटोपशीर दीर्घिका. त्यांच्या याद्या तो परिचितांना पाठवी. १९७१ साली त्यांचं पुस्तक काढलं तेव्हा प्रस्तावनेत त्यानं समकालीन खगोलशास्त्रज्ञांचा यथेच्छ समाचार घेतला, त्यामुळे पुष्कळांना प्रस्तावनाच लक्षात राहिली. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी, शहात्तरावा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, तो पासाडीनाला वारला. त्याला स्वित्झर्लंडमध्ये, ग्लारुसमधल्या मोलिस या गावी पुरलं आहे.

आणि त्याच १९७४ साली वारं फिरलं. अमेरिकेत आणि एस्टोनियात दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की एकेका दीर्घिकेचं वस्तुमानही तिच्या दिसणाऱ्या भागापेक्षा कितीतरी जास्त आहे. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा जोरात फिरतात हे १९७० सालीच मोजलं होतं. सत्तरीच्या अखेरीला इतर अनेक दीर्घिकांत तेच आढळलं. प्रत्येक दीर्घिका अदृश्य द्रव्याच्या एका मोठ्या गोलात बुडालेली असते, असं चित्र तयार झालं. इंग्रजीत त्याला हॅलो म्हणतात, म्हणजे देवादिकांच्या चित्रात मस्तकामागे असतं ते प्रभामंडल. या मंडलाला प्रभा मुळीच नाही, म्हणून मी आपला घेर म्हणतो.

या घेराचं काय करायचं ते १९७८ साली सायमन व्हाइट आणि मार्टिन रीस यांनी सांगितलं. आधी कृष्णद्रव्याचे घेर जमतात. खोलगट जमिनीकडे पावसाचं पाणी धावावं तसा साधा वायू त्यांच्यात ओढला जातो. तो निवला, दाटला, की त्याचे तारे होतात. निवणं हा यातला कळीचा शब्द. दूध निवल्याशिवाय साय धरत नाही. घेर लहान असेल तर खड्डा उथळ. तिथे पहिले मोठे तारे फुटले की त्यांच्या धक्क्यानं उरलेला वायूच बाहेर उधळला जातो. हे फुटणारे तारे म्हणजे झ्विकीचेच अतिनवतारे. घेर फार मोठा असेल तर उलटी पंचाईत: वायू इतक्या खोलात कोसळतो की आपटून भयंकर तापतो, आणि मधल्या दीर्घिकेतलं महाकाय कृष्णविवर त्याला निवूही देत नाही. दूध उकळतंच राहतं. तारे घडवण्याचं काम सगळ्यांत चांगलं साधतं ते मधल्या आकाराच्या घेरांत, म्हणजे साधारण एक लाख कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या. आपल्या आकाशगंगेचा घेर याच मापाचा आहे. तरी तिथेही वाट्याला आलेल्या साध्या द्रव्यापैकी जेमतेम पाचव्या हिश्शाचे तारे होतात; बाकीचं अजून वायूच.

कोमाचा घेर याच्या हजारपट आहे. तिथला वायू १० कोटी अंशांच्या घरात तापलेला. मध्यभागी दोन प्रचंड लंबगोल दीर्घिका आहेत, त्यांतले तारे म्हातारे आणि तांबूस. नवं बाळंतपण जवळजवळ नाहीच. गर्दीत लंबगोल दीर्घिका जास्त आणि सर्पिल कमी, हे हबल आणि मिल्टन ह्युमसन यांच्या १९३१ सालीच ध्यानात आलं होतं. १९८० साली ॲलन ड्रेसलरनं पंचावन्न समूह मोजून ते पक्कं केलं. बाहेरून एखादी सर्पिल दीर्घिका समूहात शिरली तर तिचं काय होतं? वारा नसतानाही धावत्या मोटारसायकलवर डोक्यावरची टोपी उडते, तसा तिचा थंड वायू समूहातल्या उष्ण वायूच्या माऱ्यानं मागे उडून जातो. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ साली, म्हणजे झ्विकीच्या हयातीतच, ही कल्पना मांडली. कोमामधल्या डी१०० या दीर्घिकेमागे अशी सुमारे दोन लाख प्रकाशवर्षं लांबीची शेपटी लोंबताना दिसते. तारे घडवण्याचं भांडवल असं रस्त्यात सांडतं आहे.

दुसऱ्या गाठोड्यात याच्या नेमकं उलट. झ्विकीच्या आटोपशीर दीर्घिकांच्या पहिल्या यादीत अठरावी नोंद आहे ती जवळपास ६ कोटी प्रकाशवर्षांवरची एक बुटकी, निळी दीर्घिका. तिच्यात या घडीला तारे धडाधड जन्मताहेत, आणि तिच्या वायूत ऑक्सिजनसारखी मूलद्रव्यं इतकी थोडी, की विश्वाच्या आरंभीचा कच्चा माल जणू वापरायचा राहून गेला. १९७२ साली लेनर्ड सर्ल आणि वॉलेस सार्जंट यांनी तिच्याकडे लक्ष वेधलं. ती नुकतीच जन्मली असावी असंही काहींना वाटलं. २००७ साली हबल दुर्बिणीला तिच्यात १०० कोटी वर्षांहून जुने तारे आढळले. मग इतका काळ तिचा वायू शिल्लक कसा राहिला? तिचा घेर हलका आहे आणि ती गर्दीपासून दूर आहे. तिला वायू सावकाश मिळत गेला आणि ओरबाडून नेणारं जवळपास कुणी नव्हतं.

एका बाबतीत मात्र झ्विकी हट्टानं चुकला. दीर्घिकांचे समूह असतात, पण समूहांचे समूह नसतात, यावर तो शेवटपर्यंत अडून राहिला. आज आपल्याला दिसतं, की कृष्णद्रव्य विश्वभर कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलं आहे. धागे जिथे मिळतात तिथे समूह, आणि समूहांच्या माळांचे महासमूह. त्यांतला एक पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली शोधला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, आणि त्याला सरस्वती हे नाव दिलं.

पुण्याजवळच आणखी एक काम चाललं आहे, तेही याच धाग्याचं. नारायणगावजवळच्या खोडद इथे आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ तबकड्या उभ्या आहेत. मुंबई-नाशिकची मंडळी भीमाशंकर-जुन्नरच्या सहलीत त्या लांबून पाहतात. त्यांच्या साहाय्यानं ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून त्यांतला हायड्रोजन वायू मोजला गेला. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्या काळात दीर्घिका इतक्या झपाट्यानं तारे घडवत होत्या की बाहेरून भर पडली नाही तर त्यांचा वायू शे-दोनशे कोटी वर्षांत संपला असता. ताऱ्यांची निर्मिती पुढे मंदावली, ती भर आटत गेल्यामुळे. भर येते ती त्या काळोख्या जाळ्याच्या धाग्यांवरून, घेराच्या आत. ती कुठल्या घेरात कधी आटते, याचा हिशेब अजून चालू आहे. कृष्णद्रव्य कशाचं बनलं आहे, ते तर १९३३ साली माहीत नव्हतं आणि आजही नाही.